गावच्या मंडळीला गावचाच सेवक: अर्धवेळ सेवकांची तयारी कशी करावी

मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतून दरवर्षी नाताळाच्या आसपास गाड्या निघतात. कुणी मोखाड्याकडे जातं, कुणी तलासरीकडे, कुणी कर्जतच्या पलीकडच्या वाड्यांवर. भक्ती होते, गाणी होतात, मुलांना खाऊ आणि म्हाताऱ्यांना ब्लँकेटं वाटली जातात, आणि जेवणं उरकली की दुपारी गाडी परत फिरते. अशा फेऱ्यांत मीही बरीच वर्षं गेलो. त्यातलं प्रेम खरं होतं. पण एका वर्षी निघताना एक आजी गाडीच्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "पुढल्या आयतवारी कोण येणार?" गाडीत आम्ही चौदा जण होतो, एकालाही उत्तर देता आलं नाही. त्या वाडीच्या पाळकांकडे आणखी दहा ठिकाणं होती. त्यांची पाळी दीड-दोन महिन्यांनी यायची. मधल्या रविवारी तिथे कुणी बायबल उघडत नव्हतं.

हे लिहितोय ते या कामाला नव्यानं हात घालणाऱ्यांसाठी. तुमच्या पास्टोरेट कमिटीनं, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीनं, "खेड्यातल्या मंडळ्यांसाठी ले-लीडर (पाळक नसलेले, मंडळीतलेच पुढारी) तयार करा" असा ठराव केला असेल, तुमचं नाव त्यात घातलं असेल, आणि आता सुरुवात कुठून करायची हे सुचत नसेल, तर हे वाचा. माझं सांगणं थोडक्यात असं: दर रविवारी मुंबईहून माणूस पाठवण्याच्या मागे लागू नका. गावातला माणूस उभा करा, आणि त्याला त्याच्या शेतातून, मजुरीतून न उपटता उभा करा.

हे काम जुनंच आहे

पोटापाण्याचा धंदा सांभाळून मंडळीची सेवा करणं ही काही कमी दर्जाची तडजोड नव्हे. करिंथमध्ये पौल अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू करण्याचं काम करत राहिला आणि शब्बाथ दिवशी सभास्थानात बोलत राहिला (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 18). त्याच्याही आधी इथ्रोनं मोशेला सांगितलं होतं की एकटाच सगळं ओढशील तर तूही थकशील आणि लोकही थकतील. दहा-दहांवर, पन्नास-पन्नासांवर माणसं नेम (निर्गम, अध्याय 18). दहा माणसांवर एक. आपल्या वाड्या एवढ्याच असतात.

महाराष्ट्रातही हे होतं. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले, 1831 मध्ये अहमदनगरला ठाणं झालं, आणि पुढे खेड्याखेड्यांत शाळा निघाल्या. त्या शाळेचा मास्तर आठवडाभर मुलांना बाराखडी शिकवायचा आणि रविवारी भक्ती घ्यायचा. बायबल-बाया घरोघर जाऊन बायकांना वाचून दाखवायच्या. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांचा विश्वास असल्या मास्तरांच्या आणि बायांच्या तोंडून आला आहे. फक्त एक गोष्ट त्यात कच्ची राहिली. मास्तरांचा पगार मिशनकडून यायचा. पगार थांबला की मास्तर गेले, आणि कित्येक गावांत देऊळ (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) उरलं पण दार उघडणारा उरला नाही.

जगभर हाच पेच लोकांना पडला. 1963 मध्ये ग्वाटेमालातल्या एका प्रेस्बिटेरियन सेमिनरीनं पाहिलं की राजधानीत शिकायला आलेले तरुण खेड्यात परतत नाहीत, आणि जे खरोखर मंडळ्या चालवतात ते शेतकरी, दुकानदार सेमिनरीत येऊच शकत नाहीत. मग शिक्षकच विद्यार्थ्यांकडे जाऊ लागले. पाठ घरी वाचायचा, आठवड्याला भेटायचं, आणि शिकलेलं त्याच रविवारी मंडळीत वापरायचं. याला विस्तारित धर्मशिक्षण म्हणतात. भारतात हे काम करणारी टॅफ्टी ही संस्था बेंगळुरूमध्ये 1971 पासून आहे.

पहिली पायरी: परवानगी

तुम्ही ज्या गावात जाणार त्या गावाला पाळक आहेत, मग ते दोन महिन्यांनी का येत असेनात. आधी त्यांच्या घरी जाऊन बसा. "आम्ही तुमच्यासाठी माणसं तयार करतो" असं म्हणू नका. "तुम्हाला कुठल्या ठिकाणी हाताखाली माणूस हवाय?" असं विचारा. मुंबईची मंडळी आपल्या डोक्यावरून काम करते आहे असं एकदा त्यांना वाटलं की तुम्ही घडवलेला सेवक कायमचा मधल्यामध्ये अडकतो.

मग कागद. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्यांत बिशपांची संमती लागते, मेथडिस्टांत जिल्हा अधीक्षकांची. स्वतंत्र मंडळ्यांत वडीलवर्गाची. सेवकाच्या हातात साध्या मराठीतलं एक पत्र असावं: तो कोण, कुठल्या मंडळीत, काय-काय करू शकतो, आणि किती दिवसांसाठी. मुदत एक वर्षाची ठेवा. मुदत असली की काम न जमलेल्या माणसाला मानानं थांबता येतं.

गावातही कल्पना द्या. सरपंच आणि पोलीस पाटील यांना आधी भेटलं की पुढची निम्मी बोलाचाली टळते. आपल्याच ख्रिस्ती कुटुंबांची रविवारची भक्ती गावातलाच माणूस घेणार आहे, एवढंच सांगा. कुणाला पैशाचं, नोकरीचं किंवा बरं करण्याचं आमिष दाखवायचं नाही, हा नियम शिकवणुकीच्या पहिल्या दिवशी फळ्यावर लिहा आणि तसंच वागा.

माणूस कोण घ्यायचा

"कोण तयार आहे?" असं विचारलंत की सगळ्यात आधी मोठ्या आवाजाचा तरुण हात वर करेल. तो वाईट असतो असं नाही. पण प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात सात जण निवडायचे होते तेव्हा प्रेषितांनी निवड मंडळीवर सोपवली आणि कसोटी सांगितली ती नावलौकिकाची. तेच करा. वाडीत चार घरं फिरा, चहा घ्या आणि दोन प्रश्न विचारा. रात्री कुणाला ताप भरला तर प्रार्थनेसाठी कुणाला हाक मारता? दोन घरांत भांडण झालं तर कुणाचं ऐकता? तीन-चार घरांतून एकच नाव आलं तर तो तुमचा माणूस, किंवा तुमची बाई.

बाईच असण्याचा संभव बराच आहे. पुरुष कामाला बाहेरगावी असतात, आणि आजारपण, बाळंतपण, मयत यांत सगळ्यात आधी पोचते ती शेजारीण. मुंबईच्या काही वडील मंडळींना हे रुचत नाही. त्यांना रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायातली फीबी दाखवा. पौलानं तिचा उल्लेख मंडळीची सेविका असाच केला आहे.

शिक्षण किती हवं? अडखळत वाचता आलं तरी पुरे. अजिबात वाचता येत नसेल तर वाचणारा जोडीदार द्या. आमच्याकडे एक बाई होत्या, त्यांच्या शेजारी सातवीतली नात उभी राहून उतारा वाचायची आणि मग या तोच उतारा आपल्या बोलीत सांगायच्या. वाडीनं इतकं मन लावून दुसऱ्या कुणाचं ऐकलेलं मी पाहिलं नाही.

एक ठिकाण, दोन माणसं. हे सोडू नका. एकटा सेवक आजारी पडला, रागावला किंवा कामाला बाहेरगावी गेला की भक्ती बंद. शिवाय एकटा माणूस हळूहळू मंडळीचा मालक होऊन बसतो, आणि ते त्याचं त्यालाही कळत नाही.

वेळापत्रक भाताच्या हिशेबानं

इथे आमच्या हातून मोठी चूक झाली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही वर्ग भायखळ्याला, आमच्या देवळाच्या हॉलमध्ये ठेवला. दर दुसऱ्या शनिवारी, सकाळी दहाला. पंखे, फळा, जेवण, सगळी सोय. जूनमध्ये सोळा जण आले. जुलैत पाच. ऑगस्टमध्ये दोघे, आणि तेही मुंबईतच कामाला असलेले. आम्हाला वाटलं लोकांना गोडी नाही. एका शिकणाऱ्यानं नंतर सांगितलं, "भाऊ, लावणीत तुम्ही बोलावलंत. त्या दिवसाची मजुरी गेली, वर जीपचं आणि लोकलचं भाडं."

पालघर, ठाणे, रायगडच्या भातपट्ट्याचं वर्ष वेगळं असतं. जूनच्या पहिल्या पावसात पेरणी, जुलैत लावणी. तेव्हा कुणालाही हलवू नका. लावणी आटपली की ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत माणसं घरी सापडतात. हा तुमचा पहिला मोठा हंगाम. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी आणि झोडणी. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याकडची कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात, भिवंडी, वसई, कल्याणच्या बाजूला. होळीला गावी येतात, पुन्हा जातात, आणि पावसाच्या तोंडावर परततात.

म्हणून आता आमचं वर्ष असं आहे. पावसाळ्यात, लावणीनंतर, सहा आठवडे वर्ग गावाकडे; चार-पाच वाड्यांना मधलं पडेल असं एखादं घर किंवा देऊळ पाहून. शिकवणारे आम्ही दोघे शनिवारी दुपारी कसारा लोकल धरतो, पुढे जीपनं जातो, रात्री मुक्काम करतो आणि रविवारची भक्ती झाल्यावर परततो. हिवाळ्यात वर्ग भट्टीजवळ. तिथे रात्री साडेआठनंतर तासभर मिळतो, जास्त नाही. माणसं पहाटेपासून माती तुडवून आलेली असतात. त्या तासात नवीन काही शिकवू नका, झालेलंच पक्कं करा आणि एकत्र प्रार्थना करा. होळीच्या आगेमागे दोन दिवसांचं शिबिर. मुंबईला बोलावतो ते वर्षातून एकदाच, आणि तेही सहकुटुंब, कारण सेवकाच्या बायकोनं किंवा नवऱ्यानं हे काम एकदा डोळ्यांनी पाहिलं तर घरचा विरोध बराच निवळतो.

तुमचं गाव नगर किंवा बीडकडचं असेल तर हिशेब ऊसतोडीचा धरावा लागेल. तत्त्व तेच.

वाचायला शिकवा, मोठ्यानं

पहिले तीन महिने उपदेश नको. फक्त वाचन. हे ऐकून शिकणारे नाराज होतात, तरी ऐकू नका. गावच्या मंडळीत बहुतेकांपाशी स्वतःचं बायबल नसतं किंवा वाचायला चष्मा नसतो. रविवारी कानावर पडतं तेवढंच देवाचं वचन. ते घाईत, गिळत, चुकीच्या जागी थांबत वाचलं तर लोक उपाशी जातात.

रीत सोपी आहे. एक उतारा, दहा-बारा ओळींचा. पहिल्यांदा मनात. मग घरच्या एखाद्या लहान मुलाला वाचून दाखवायचा, मूल जिथे "म्हंजे काय?" विचारेल त्या शब्दावर पेन्सिलीनं खूण. वर्गात त्या खुणांवर बोलायचं. आपलं बायबल प्रमाण मराठीत आहे. वारली, कोकणा, कातकरी घरांत बोलली जाते ती भाषा वेगळी. तेव्हा वचन छापलंय तसं वाचा आणि मग आपल्या बोलीत सांगा. दोन्ही करा. फक्त बोलीत सांगितलं तर सांगणाऱ्याच्या मनातलं त्यात मिसळत जातं.

सुरुवातीला मार्कचं शुभवर्तमान घ्या. छोटं आहे, गोष्टी भराभर पुढे सरकतात. जोडीला स्तोत्रं आणि रूथ. प्रकटीकरण पहिल्या वर्षी उघडू नका. त्यावरून गावात भीती पसरवणारे बाहेरून येतच असतात, आपण त्यांत भर घालायला नको.

आणि गाणं. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये मुंबईत झाला, आणि त्यानंतर त्यांनी भजनाची, कीर्तनाची आपली परंपरा ख्रिस्ताच्या पायाशी आणली. टाळ, ढोलकी आणि चार ठरलेली भजनं सेवकाला पाठ असली की भक्ती निम्मी उभी राहते. की-बोर्ड पाठवू नका. गावात वीज जाते, आणि की-बोर्ड ज्याला वाजवता येतो त्याच्याभोवतीच मंडळी फिरू लागते.

संदेश तयार करणं

चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. या उताऱ्यात कोण काय करतं? देव कसा आहे असं यातून दिसतं? आपल्या वाडीत असं कुठे घडतं? या आठवड्यात आपण काय करायचं? दहा मिनिटांच्या संदेशाला एवढं पुष्कळ होतं. पुस्तकातून उतरवलेले मुंबईचे संदेश त्यांना देऊ नका. ते तोंडात बसत नाहीत आणि ऐकणाऱ्यांना लगेच कळतं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊ नका. ते त्यांच्याकडेच असतं. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी सकाळी मजूर लावतो, नऊला लावतो, बाराला, तीनला, आणि दिवस मावळायच्या तासभर आधी पुन्हा बाजारात जातो तेव्हा अजून काही जण उभे असतात; त्यांनाही तो कामाला लावतो आणि सगळ्यांना दिवसाचा सारखाच रोज देतो. मी हा दाखला कितीदा ऐकला होता, वर्गात शिकवलाही होता. शेवटी आलेले ते आळशी असावेत असं कुठेतरी माझ्या मनात होतं. एका रात्री वर्गातल्या एकानं, जो दोन वर्षं कल्याणला नाक्यावर उभा राहून कामाची वाट पाहायचा, मला थांबवलं. म्हणाला, "नाक्यावर दहा-अकरापर्यंत काम नाही लागलं तर माणूस घरी जातो. संध्याकाळपर्यंत कुणी उभं राहत नाही. जो राहिला, त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटायची नसणार. घरी जायचं तोंड नाही म्हणून तो उभा आहे." थोडं थांबून म्हणाला, "आणि धन्याला ते ठाऊक आहे, म्हणून तो परत आला." त्यानंतर मी काही बोललो नाही. पुढच्या रविवारी त्यानं वाडीत हेच सांगितलं. दिवसाचा पूर्ण रोज त्या माणसाला का मिळाला, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

शिकवणाऱ्याचं काम एवढंच की असं वाक्य आलं की ते ओळखायचं, पुन्हा म्हणायला लावायचं आणि वहीत लिहून ठेवायला सांगायचं. आणि उतारा जे सांगत नाही ते कुणी सांगू लागलं तर बोट ओळीवर ठेवून विचारायचं: "हे कुठं लिहिलंय?" हा प्रश्न वर्गात सगळ्यांनी एकमेकांना विचारावा, तुम्हालाही विचारावा.

आजार आणि मयत

सेवकाची खरी परीक्षा रविवारी नसते. ती मध्यरात्री दार वाजतं तेव्हा असते.

आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायाचा आधार आहे, आणि ती मनापासून करायची. पण गोळ्या बंद करायला सांगायचं नाही, कधीच नाही. क्षयाची औषधं अर्धवट सोडली की रोग औषधाला दाद देईनासा होतो. भाताच्या दिवसांत साप चावण्याचं भय असतं; तेव्हा आधी रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन, जखम कापायची नाही, चोखायची नाही, माणसाला हलू न देता जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्यायचं, आणि प्रार्थना गाडीत. हा क्रम आम्ही वर्गात प्रत्यक्ष करून घेतो. एक जण चावलेला, एक सेवक, एक घाबरलेली आई. तोंडी सांगून हे लक्षात राहत नाही.

मयतीचं अधिक कठीण. वाडीत मयत झाली की मातीला फार वेळ थांबत नाहीत, आणि पाळक सत्तर किलोमीटरवर असतात. बहुतेक मंडळ्यांत अधिकारपत्र असलेल्या सेवकाला दफनविधी चालवता येतो. तुमच्या मंडळीत काय आहे ते आधीच लिहून घ्या. मग विधी तोंडात बसवा. कब्रेच्या कडेला उभं राहून वाचणं वेगळं असतं: वारा असतो, रडणं असतं, पान सापडत नाही. आम्ही प्रत्येकाला तीन उतारे आणि एक प्रार्थना जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून देतो. ती पिशवी घरात कुठे ठेवायची हे घरच्यांनाही माहीत हवं.

दफनाची जागा ही गावात नाजूक गोष्ट आहे. जागा कुठली, कुणाच्या नावावर, वाट कुणाच्या बांधावरून जाते, हे मयत होण्याआधी ग्रामपंचायतीत बोलून ठेवायचं. प्रेत दारात असताना हा विषय निघाला तर सेवकाचं काहीच चालत नाही.

आणि त्याला हेही शिकवा की मयतीच्या घरी पहिल्या दिवशी उपदेश करायचा नाही. पाणी आणायचं, लाकूडफाटा बघायचा, शेजारी बसायचं. आठव्या-दहाव्या दिवशी पुन्हा जायचं, कारण तोवर पाहुणे पांगलेले असतात.

कुठे थांबायचं

बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि तिच्यासारख्या बहुतेक मंडळ्यांत दीक्षित पाळकांचं काम आहे. सेवकानं बाप्तिस्म्यासाठी तयारी करून घ्यावी, नावं लिहून ठेवावीत, प्रभुभोजनाच्या रविवारी घरोघर निरोप द्यावा. त्याचा हात त्यात असतोच. भायखळ्याहून आपण पाळकांना गाडीची सोय करून दिली तर त्यांची फेरी दोन महिन्यांऐवजी महिन्यानं होऊ शकते. नाताळच्या ब्लँकेटांइतकंच हे दान मोलाचं आहे.

लग्नाच्या बाबतीत मात्र अक्षरशः कडक राहा. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा 1872 चा आहे आणि आजही लागू आहे. लग्न कोण लावू शकतं ते त्याच्या कलम 5 मध्ये दिलंय. अधिकार नसताना कुणी लग्न लावलं तर कलम 68 खाली दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गावात मंडप पडलेला असतो, पाळक अडकलेले असतात आणि मुलीचा बाप सेवकाचे पाय धरतो. त्या क्षणी "मला अधिकार नाही, पण पाळक येईपर्यंत मी इथेच थांबतो" हे वाक्य त्याच्या तोंडी तयार हवं. वर्गात म्हणवून घ्या.

मुलांच्या संडे स्कूलला एकच मोठा माणूस कधी नसावा. दोघं असावेत, दार उघडं असावं. एखाद्या मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर ते मंडळीत मिटवायचं नसतं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर देवळाच्या भिंतीवर लिहून ठेवा. मंडळीचं नाव जाईल म्हणून गप्प बसणं हे पाप आहे, आणि मी हे प्रत्येक वर्गात याच शब्दांत सांगतो.

पैसा

मुंबईची मंडळी मायेनं महिना दोन-तीन हजार द्यायला निघते. देऊ नका. ज्या दिवशी सेवकाला तुमचा पगार सुरू होतो त्या दिवसापासून वाडीच्या लेखी तो तुमचा नोकर, आणि पगार थांबला की जुन्या मास्तरांची गोष्ट पुन्हा घडते. टिळकांनाही ही टोचणी होती. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत उभी केली.

मग द्यायचं काय? वर्गाला येण्याचं गाडीभाडं, बुडालेल्या दिवसाची मजुरी, बायबल, वही, चष्मा. चष्मा विसरू नका. चाळिशी उलटलेल्या निम्म्या शिकणाऱ्यांना वाचता येत नाही असं आपल्याला वाटतं तेव्हा पुष्कळदा फक्त दिसत नसतं. बाकी वाडीनं पाहावं. कापणीच्या सणाला लोक भात, भोपळे, कोंबडी आणतात. त्यातून सेवकाच्या घरी काय जायचं ते त्यांनीच ठरवावं.

दान दोघांनी मोजायचं, भक्ती संपल्यावर तिथेच, सगळ्यांदेखत. तारीख, रक्कम, दोन सह्या किंवा अंगठे. पंचवीस रुपये असले तरी.

वर्षानंतर

देवळात सगळ्यांसमोर सेवकाकडे कामाची सोपवणूक करा, पाळकांच्या हातून, आणि ती गावात करा, मुंबईत नको. ज्यांना आणखी शिकायचंय त्यांना वाट आहे: धर्मशिक्षणाच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूरच्या सिनेटचे घरी राहून करायचे अभ्यासक्रम, पुण्यात युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी. पण दहातल्या आठांना वाडीतच राहायचं असतं. त्यांना पदवीच्या मागे लावू नका.

तीन महिन्यांतून एकदा भेट द्या, आगाऊ कळवून. मागे, बायकांच्या रांगेशेजारी बसा. पुढे बोलावलं तरी जाऊ नका. भक्तीनंतर लगेच चुका काढू नका. जेवण होऊ द्या, मग दोघंच बांधावर जा आणि आधी त्यालाच विचारा की आज कुठे अडलं. तो सांगेल. बहुतेकदा तुमच्या मनात असतं तेच सांगेल. वहीत लिहा, पुढच्या भेटीत ते पान आधी उघडा.

आणि तो पहिल्यांदा एकट्यानं भक्ती घेईल त्या रविवारी जाऊ नका, कितीही वाटलं तरी. आपल्या देवळात बसून त्याच्या नावानं प्रार्थना करा. फोन संध्याकाळी करा, तो गुरं बांधून घरी आला की. किती लोक आले होते ते नंतर विचारा. आधी विचारा, कोण आलं नव्हतं, आणि त्यांच्याकडे कधी जाणार आहेस.